बोटीवरचा पाटा

आमच्या बाबांनी बोट निवडायला जेवढा वेळ घेतला तेवढा माझ्यासाठी स्थळ बघायलाही घेतला नव्हता. जहाजावर तीस वर्षं इंजिनं सांभाळलेला माणूस निवृत्त झाला की परळच्या टॉवरमध्ये पाय पसरून बसेल, असं आईला वाटलं होतं. बाबांना मात्र स्वतःची बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, हर्णे, जयगड करत देवगडला, गावच्या घरी जायचं होतं. आणि तेही आईला घेऊन.

आईने सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "समुद्राने माझा नवरा तीस वर्षं नेला, तेवढं पुरे. आता मला न्यायची गरज नाही." शिवाय तिला बोट लागते. एलिफंटाला जाताना तिने जे केलं ते अजून आमच्या घरी जेवताना काढायचं नाही असा नियम आहे.

बाबा वाद घालत बसले नाहीत. ते बोटी बघत राहिले. त्यांचा मित्र अवधूतकाका शिडाच्या होडीचा भक्त. बाबांनी पसंत केलेली मोटरची कॅटामरान बघून तो म्हणाला की हे तर इंजिन लावलेलं जेवणाचं टेबल आहे. दिसायला ती तशीच होती. दोन लांबट, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एक रुंद खोली बांधलेली. प्रत्येक होडीत एक इंजिन, म्हणजे एक रुसलं तर दुसरं घरी आणतं. तळ उथळ, म्हणून खाडीत सहज शिरते. आणि दोन पायांवर उभी असल्यामुळे फारशी डोलत नाही. स्वयंपाकाचा ओटा खाली कोंदट जागेत नाही, वर खिडकीशी, समोर क्षितिज दिसेल असा. बाबा मला हे सगळं तांत्रिक बाबी म्हणून ऐकवायचे. त्यातली प्रत्येक बाब आईच्या पोटासाठी होती, हे न कळायला मी काही लहान नव्हते.

एकच खोट होती. या जातीच्या बोटीला वजन सोसत नाही. जास्त भरलं की ती पाण्यात बसते, डिझेल पिते आणि लाटा दोन होड्यांच्या मधल्या तळावर धाडधाड आपटतात. म्हणून बाबांनी फर्मान काढलं होतं की माणशी एक पिशवी.

ठरलं होतं ते असं. रविवारी मांडव्याला चाचणी फेरी, खोट निघाली तर सौदा रद्द, नाहीतर दुसऱ्या दिवशी देवगड. आई "फक्त मांडव्यापर्यंत" येणार होती. शनिवारी बाबा डिझेलच्या व्यवस्थेला गेले तेव्हा "साफसफाईला" म्हणून आईने मला बोटीवर नेलं. टॅक्सीच्या डिकीतून निघाली तांदळाची गोणी, दादरहून आणलेले नारळ, तेलाचा डबा, पाण्याचे कॅन आणि सगळ्यात शेवटी, गोधडीत गुंडाळलेला आजीचा पाटा-वरवंटा. रमाबाईआजीने तो लग्नानंतर देवगडहून कोकणच्या आगबोटीने आणला होता. टॉवरमध्ये त्याला बाल्कनीशिवाय जागा नव्हती. हे सगळं आम्ही डाव्या होडीतल्या बिछान्याखाली कोंबलं, कारण तिथली जागा मोठी. आईने मला गप्प राहायची शपथ घातली.

मांडव्याला नांगर टाकून बाबा बोटीभोवती नजर फिरवायला वाकले, आणि त्यांचा चेहरा उतरला. डाव्या बाजूला पाण्याच्या वर दिसायला हवी ती रंगाची रेघ दोन बोटं पाण्याखाली गेली होती.

त्यांना वाटलं, आत कुठेतरी पाणी झिरपतंय. त्यांनी तळाची झाकणं उघडली, कोरडी निघाली. बाहेरून बोटांनी ठोकून पाहिलं. बिछान्याखाली बघायला गेले, तर त्यावर आई आडवी. मला गरगरतंय, म्हणाली. तिचे गाल चांगले लाल होते आणि हातात अर्धं खाल्लेलं थालीपीठ होतं. बाबांनी तेवढं पाहिलं नाही. ते हळूच बाहेर आले.

"आरोही, फसलो गं," ते म्हणाले. "बोट गळकी निघाली. आणि तुझ्या आईला लागलीसुद्धा." त्यांनी मालकाला फोन लावायला खिशात हात घातला.

मी आत धावले. आईला सगळं ऐकू आलं होतं. ती मूग गिळून बसली असती तर बोट परत गेली असती, बिल्डिंगमध्ये तिचाच शब्द खरा झाला असता, आणि बाबा पुन्हा कधी बोटीचं नाव काढते ना. मला तिचा इतका राग आला की शपथ मोडायला मी तोंड उघडलंच होतं. तिने मला हाताने बाजूला केलं आणि पायऱ्या चढून वर गेली.

"अहो, फोन ठेवा. बोट गळत नाही. माझ्या बिछान्याखाली पाटा आहे."

बाबांनी खाली जाऊन एकेक वस्तू बाहेर काढली. गोणी, नारळ, कॅन. गोधडी सोडली आणि पाट्यावर हात ठेवला. आता ओरडणार, म्हणून मी तयारीत होते.

"काय गो नलू," ते म्हणाले, "म्हणजे तू देवगडपर्यंत येणार होतीस?"

"मग पाटा काय एकटा जाणार होता?" आई म्हणाली, आणि पदराने उगाच ओटा पुसायला लागली.

कॅन आणि तांदूळ मी उजव्या होडीत नेले. रेघ सरळ झाली. वजन तरीही जास्तच होतं, तेव्हा बाबांनी स्वतःची हत्यारांची दुसरी पेटी किनाऱ्यावर एका ओळखीच्या घरी ठेवली. पाट्याला कुणी हात लावला नाही.

परतताना आईने खिडकीशी उभं राहून चहा केला. गरगरण्याचा विषय कुणी काढला नाही. बाबांनी एकच इंजिन चालू ठेवलं होतं, तेही अगदी हळू. एरवी जहाजावरून उतरले की टॅक्सीवाल्याच्या मागे लागून घर गाठणारा हा माणूस. मी विचारलं, आज घाई नाही का? त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "आज कुणी वाट बघत नाहीये घरी."