वेणू देवजी वारे, बी.ए.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारावरची. पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यात, कुडाच्या घरावर एका खिळ्याला मी लटकते. जन्माने मी गोडेतेलाचा डबा. पण चांगले दिवस आल्यावर जुनं कोण काढतं? माझ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे: वेणू देवजी वारे, बी.ए.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात लक्ष्या पेंटरने मला रंगवलं. एरवी तो जीपच्या पाठीवर नावं काढायचा. सत्त्याण्णव साली वेणू बारावी पास होऊन जव्हारच्या कॉलेजात गेली आणि तिचा बा देवजी पत्रा कापून थेट लक्ष्याकडे आला. त्याला स्वतःला सही येत नव्हती.

“अरे देवजी, तिला अजून तीन वर्सा हायेत,” लक्ष्या म्हणाला.

“भात पेरला का तवापून आमी भाताचा शेत सांगतो. कापेपर्यंत थांबतो काय?”

लक्ष्या हसला, पण अक्षरं मात्र मन लावून काढली.

पाड्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बी.ए. म्हणजे नक्की काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझा मान जरा जास्तच होता. शेजारची तानी म्हातारी तर वेणू डॉक्टरीण झाली असं समजून गुडघे दाखवायला आली होती. वेणू वसतिगृहातून सुट्टीला आली की लाजून म्हणायची, “बा, उतरव ना ही. लोक हसतात.” आणि तेवढं म्हणून झालं की ओढणीने मला पुसायची. पहिलं वर्ष ती पास झाली, दुसरंही झाली. माझ्यावरचं खोटं दरवर्षी थोडं थोडं खरं होत होतं. मी तर हवेतच होते.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर देवजी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना ऐनाच्या झाडावरून पडला. कंबर गेली. आमच्याकडे दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो, सगळे वीटभट्टीवर जातात. आणि भट्टीवर काम मिळतं ते जोडीला, एकट्या बाईला कोणी उभं करत नाही. वेणूची आई चैती एकटी पडली. मग वेणूच तिची जोडी झाली. “होळीला परत येन, मंग परीक्षा देन,” म्हणाली आणि पुस्तकं पिशवीत घालून ट्रकमध्ये चढली.

होळी आली. उचल फिटली नाही म्हणून भट्टीच्या शेठने जोडी सोडली नाही. परीक्षा जव्हारला झाली आणि वेणू तेव्हा चिखल तुडवत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर मायलेकी घरी आल्या. दारात, माझ्या अगदी खालीच, वेणू आईला हलकेच म्हणाली, “बाला सांगू नको. त्याच्या पडण्यापायी वरीस गेला असा त्याला वाटंल.” आत जाऊन तिने बाला सांगितलं, पास झाले. देवजी खाटेवर उठून बसायला धडपडला. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी अक्षरं मला जड झाली.

पुढच्या माघात देवजीचं दुखणं वाढलं, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा भट्टीवर गेलेल्या दोघी मधूनच परत आल्या होत्या. तेव्हाच तुळशीदास गुरुजी जनगणनेला आले. वेणूला पहिली मुळाक्षरं त्यांनीच शिकवलेली. ते अंगणात बसले. दार उघडं होतं आणि आत देवजी ऐकत होता.

“वेणू, शिक्षण?”

तिने उघड्या दाराकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाली, “बी.ए.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ते निघाले तशी वेणू त्यांना पोचवायला कुंपणापर्यंत गेली. तिथे तिचा आवाज फुटला. “गुरुजी, बारावी लिवा. मी परीक्षेला बसलीच नाय.” गुरुजींनी लिहिलेलं बी.ए. खोडलं. मग त्यांनी बारावी लिहिलं आणि चष्मा पुसत वाटेला लागले.

ती कुंपणापाशी डोळे पुसत उभी होती, तेवढ्यात आतून देवजीचा आवाज आला. “चैते, पोर तठं काय बोलली, मना ठावा हाय.”

चैती हातातलं भांडं खाली ठेवून खाटेपाशी गेली.

“परीक्षेच्या महिन्यात ती भट्टीवर व्हती. मी लंगडा झालो, येडा नाय झालो. पन तिला सांगू नको. बाला कळलेला नाय, एवढाच तिला सुख हाय.”

होळीच्या आत देवजी गेला. वेणूने फार आक्रोश केला. मग साऱ्यांसमोर म्हणाली, “बरा झाला, बाला शेवटपर्यंत कळला नाय.” चैतीने तोंडात पदर कोंबला. तिने अजूनही लेकीला काही सांगितलेलं नाही. मला सगळं ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल. मला कोणी पुसू नका. फक्त एक करा. दिवाळीनंतर तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथे दप्तर ठेवून पसरून बसू नका. तिथली मुलगी कुठे गेली ते विचारा. परीक्षेच्या आधी विचारा.