अर्धा गुण

"आता मी निवडीला आलेली अठरा वर्षांची मुलगी आहे," असं म्हणत मिस जोएलननी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, गुडघे जुळवले आणि हात मांडीवर घेऊन त्या माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. आम्ही साठ जणी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर दाटीवाटीने बसलो होतो. ऑगस्ट होता. वातानुकूलन यंत्र नुसतंच घरघरत होतं.

"हाय! मी लॉरेल. तू कुठली?" मी सुरू केलं.

"दक्षिणेकडची. फ्लोरिडाच्या हद्दीजवळची."

"अय्या, मग उन्हाळाभर समुद्रावरच असशील!"

"नाही."

"बरं... मग इथे आवडलं का?"

"हो, मॅडम."

"पोरगी आहे की कुलूप!" मागून ब्रिन म्हणाली आणि सगळ्या फिसकन हसल्या. ब्रिन त्या वर्षीची आमची अध्यक्ष.

मिस जोएलननी चष्मा परत घातला. "वेळ संपली. लॉरेल, मला किती गुण देशील? पाचातले."

"खरं सांगू? दोन."

"का?"

"तुम्ही बोललातच नाही."

"हातातलं गुणांचं कार्ड उलटं कर. मागे लिही, तू काय काय विचारलंस."

मी लिहिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. 'उन्हाळाभर समुद्रावरच असशील' पाशी माझाच आवाज उतरला.

"त्या पोरीने उन्हाळाभर किराणा दुकानात उभं राहून पाय सुजवले असले तर?" त्या म्हणाल्या. "गप्पा रंगल्या नाहीत की आधी स्वतःचे प्रश्न वाचायचे, बाळा. गुण नंतर."

आमच्या सोरॉरिटीत, म्हणजे आम्ही नुसतं 'घर' म्हणायचो त्या मुलींच्या मंडळात, दर ऑगस्टला नव्या मुली निवडल्या जायच्या. सातआठशे जणी आठवडाभर कडक इस्त्रीचे कपडे घालून या घरातून त्या घरात फिरायच्या. प्रत्येक घर रोज काही जणींना पुन्हा बोलवायचं, काहींना नाही. नाही म्हटलेल्या मुली वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडायच्या. त्यातली एक मी झाले असते. घरात आले ती मिस जोएलनच्या शिस्तीमुळे. माझी आई शाळेच्या बसवर ड्रायव्हर, आणि माझे बूट मावसबहिणीचे होते. त्यांच्याआधी या घरात बूट बघूनच निकाल लागायचा, असं जुन्या मुली सांगत.

मिस जोएलन काही मोठ्या बाई नव्हत्या. काउंटीच्या पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसायच्या. नळ तोडल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसांच्या शिव्या खायच्या. वर्षाची सगळी रजा साठवून ठेवायच्या आणि ऑगस्टमध्ये आम्हाला ही निवड शिकवण्यात खर्च करायच्या. सोळा वर्षं. खुर्चीत बसून झालेल्या बोलण्याबाहेरचं काहीही कार्डावर लिहायचं नाही, ऐकीव गोष्टी दाराबाहेर ठेवायच्या, हे त्यांचं. घरातल्या जुन्या सदस्यांच्या मुलींना आपसूक आत घ्यायची रीत होती, तीही त्यांनीच भांडून बंद पाडली. एकदा एक बाई मोत्यांची माळ चाचपत आली, माझी मुलगी का नाही म्हणून. मिस जोएलननी तिला बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी छान बोलली हो. बाकीच्या तिच्याहून छान बोलल्या."

त्या वर्षी मेरिल निवडीला येणार होती. मिस जोएलनची एकुलती एक.

मेरिलला आम्ही सगळ्याच ओळखत होतो. शाळेत असल्यापासून ती आईबरोबर यायची, आमच्या नावांच्या पट्ट्या कापून द्यायची, आणि हसताना तिच्या नाकातून डुकरासारखा आवाज यायचा, की मग आम्ही सगळ्या हसायचो. एप्रिलमध्ये तिचे वडील गेले. ग्लेन. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचे. दुखणं पाच महिन्यांत उरकलं. आम्ही भाजलेल्या मॅकरोनीची भांडी घेऊन भेटायला गेलो होतो. मेरिल ओट्यावर बसली होती. तिने दार उघडून धरलं. 

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मिस जोएलन उभ्या राहिल्या. "माझी मुलगी येणार, ते तुम्हाला माहीत आहे. तिच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते दाराबाहेर. यादी होईल तेव्हा मी खोलीत नसेन. झालं."

नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच सँडविचच्या कडा कापत होतो. तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

"आमचं घर फार शांत झालंय गं," त्या म्हणाल्या. "रेडिओ लावला तर ती उठून जाते. मला वाटतं, साठ पोरींच्या गोंगाटात राहिली ना, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तिला हेच घर हवंय. दुसऱ्यांकडे बघायलाही तयार नाही. हे मी तुला सांगितलं नाही हं."

"नाही सांगितलंत," मी म्हटलं.

पहिल्या दोन दिवसांत मेरिल पाच जणींशी बोलली. तिसऱ्या दिवशी तीन जणींच्या वाट्याला आली, त्यात मी. निळा झगा, खांद्यावर सैल. उन्हाळ्याचं नाव काढायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. हातांनी काही करायला आवडतं का, असं विचारलं.

"सध्या शेड आवरतेय," ती म्हणाली. जरा थांबली. मीही थांबले. थांबायलाही मिस जोएलननीच शिकवलं होतं. "बाबा कॉफीच्या डब्यांत स्क्रू ठेवायचे. सगळे मिसळलेले. मी ते लांबीप्रमाणे लावतेय. अकरा डबे होते. दहा झाले."

"आणि अकरावा?"

"तो उघडला नाही."

तेवढ्यात वेळ संपल्याची टाळी झाली. ती उठली, माझा हात तिने किंचित दाबला आणि गेली.

मी कार्डावर सगळं लिहिलं. मागे माझे प्रश्नही लिहिले. गुणाच्या चौकटीत साडेचार लिहिले. मग पेन्सिल थांबली. हे साडेचार मेरिलचे, की तिच्या आईचे? की त्या ओट्यावरच्या मुलीचे, जिला मी दाराबाहेर ठेवायचं होतं? मी खोडलं. चार लिहिलं. न्यायाने वागले, असं वाटून जरा हलकंही वाटलं. ते हलकं वाटणं मला अजून आठवतं.

पाच वाजता आम्ही दार लावून बसलो. मिस जोएलन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या होत्या. ब्रिनने तिन्ही दिवसांचे आकडे मांडले, सरासरी काढली, यादी लावली. जितक्यांना बोलवायची परवानगी होती तिथे पट्टीने रेष ओढली.

मेरिल रेषेखाली होती. वरून दुसरी.

  जे बोलावंसं वाटत होतं ते सगळं दाराबाहेरचं होतं. शेल्बी मुसमुसायला लागली, तशी ब्रिन म्हणाली, "रडू नकोस गं, नाहीतर मीही सुरू होईन." आणि तिने यादी विद्यापीठाच्या कार्यालयाकडे पाठवून दिली. सात वाजेपर्यंत मुदत होती. साडेसहा झाले होते.

कार्डं गोळा करून पेटीत भरायचं काम माझ्याकडे होतं. मेरिलची आठ कार्डं मी वाचली. वाचायची नसतात. 'तिच्याशी बोलताना घड्याळाकडे बघितलंच नाही.' पुढे साडेतीन. 'आज दिवसभरातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा.' पुढे चार. चाराखाली खोडलेलं दिसत होतं. मी कार्ड खिडकीपाशी नेलं. खाली साडेचार होते.

"शेल्बी," मी विचारलं, "हे तुझं ना? खोडलंस का?"

तिने नाक पुसलं. "म्हणजे... मिस जोएलनची मुलगी ना ती. मला वाटलं, मी प्रेमापोटी जास्त देतेय की काय. म्हणून अर्धा काढला. फक्त अर्धाच."

"ब्रिन, तू?"

ब्रिन बघतच राहिली. "मीही," ती म्हणाली.

आठही कार्डांवर तेच होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीने एकटीने, पेन्सिल थांबवून, प्रामाणिकपणे एका पोरीचा अर्धा गुण काढून घेतला होता.

मी कार्डं घेऊन मागच्या दाराने पळत गेले. मिस जोएलन सगळ्यात खालच्या पायरीवर होत्या, बूट काढून बाजूला ठेवलेले. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"नाही ना?"

"नाही. पण मिस जोएलन, हे बघा..."

त्यांनी दोन्ही हात काखेत दाबले. "कार्डं आत ठेव, लॉरेल. मी ती आई म्हणून वाचीन."

मग मी नुसतंच सांगितलं, धापा टाकत. खोडलेले आकडे. अर्धा, अर्धा, अर्धा. त्या समोरच्या कुंपणाकडे बघत ऐकत राहिल्या.

"अजून वीस मिनिटं आहेत," मी म्हटलं. "कार्यालयात फोन केला तर यादी परत उघडतील. चूक आमची आहे. तिची नाही."

"दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी केला असतास फोन?"

"अशी चूक दिसली असती तर नक्की केला असता!"

"दिसली असती का?" त्या हळू म्हणाल्या. "रेषेखालच्या बाकीच्यांची कार्डं वाचलीस तू?"

मी हातातल्या आठ कार्डांकडे बघितलं.

"नेलपेंटचा रंग आवडला नाही म्हणून कुणाचा अर्धा गेला असेल. कुणाचा शेवटी दमलात म्हणून. त्यांच्या आया कुठल्या पायऱ्यांवर बसल्यात, ठाऊक आहे तुला? त्यांना तर कुणी धावत सांगायलाही येणार नाही."

"मग सगळीच कार्डं परत वाचू."

"वीस मिनिटांत?" त्या हसल्या. हसू पूर्ण झालं नाही. "माझंच चुकलं. जास्त देऊ नका, हे सोळा वर्षं सांगितलं. काढून घेऊ नका, हे सांगायचं राहून गेलं."

त्यांनी बूट जवळ ओढले, पण घातले नाहीत. आत कुणीतरी भांडी लावत होतं. घड्याळाकडे आम्ही दोघींनीही बघितलं नाही.

"तुझ्याशी काय बोलली गं ती?" एकदम त्यांनी विचारलं. लगेच हात वर केला. "नको. नियम आहे."

"यादी गेली," मी म्हटलं. "आता नियम नाही. शेड आवरतेय म्हणाली. डब्यातले स्क्रू लांबीप्रमाणे लावलेत. दहा डबे."

त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. "कधी?"

"याच दिवसांत असेल."

"मला वाटायचं, ती तिथे नुसती बसून असते," मिस जोएलन म्हणाल्या. "दार लावून घेते. मी दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. वाटायचं, विचारू नये." तळहाताने त्यांनी तोंड झाकलं. "तुला सांगितलं तिने. दहा मिनिटांत."

"मी नुसती थांबले होते. तुम्हीच शिकवलंत."

माझी लेक आता आठ महिन्यांची आहे. ती झोपते तेवढ्यात हे लिहिते आहे, म्हणून तुकड्यातुकड्यांत. तिच्या डोळ्यांत बघताना मला कधीकधी त्या पायऱ्या आठवतात. एक बाई आपल्याच मुलीची बातमी एका परक्या पोरीकडून घेत होती, आणि अर्धा गुण खोडताना त्याच पोरीने मनात म्हटलं होतं, मी किती न्यायाने वागले. तेव्हा मी वीस वर्षांची होते. मला वाटलं, त्या मेरिलच्या निकालासाठी रडताहेत.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मिस जोएलन नेहमीसारख्या आल्या. डोळे सुजलेले होते, लिपस्टिक नीट होती. सकाळच्या सूचनांत त्यांनी एक नवं वाक्य घातलं. कुणाचं नाव घेतलं नाही. "हात आखडतोय असं वाटलं, की कार्ड शेजारणीला वाचायला द्यायचं," एवढंच. ब्रिनने ते वहीत लिहून घेतलं. मेरिलला दुसऱ्या चार घरांची बोलावणी होती. तिने चारही नाकारली आणि नाव काढून घेतलं, असं दुपारी कळलं.

रविवारी निकालाचा दिवस. मैदानात शेकडो मुलींनी एकाच वेळी पाकिटं फोडली आणि किंचाळत आपापल्या घरांकडे धावत सुटल्या. रस्त्याच्या कडेला आम्ही एकसारखे गुलाबी शर्ट घालून फलक धरून उभ्या होतो. सोळा ऑगस्टांत पहिल्यांदाच मिस जोएलन हिरवळीवर नव्हत्या.

धावणाऱ्या मुलींनी रस्ता भरून गेला होता. पोलीस हात करून गाड्या थांबवत होता. थांबलेल्यांत पहिली होती ती ग्लेनची जुनी पिकअप. मेरिल चालवत होती. मागे कपड्यांची टोपली, दिवा, गुंडाळलेली गादी. वसतिगृहात सामान न्यायचं असणार. शेजारी मिस जोएलन.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मेरिलने वाजवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोरून जाणाऱ्या मुली बघत होती, एकेक करून. मिस जोएलन काहीतरी विचारत होत्या. मग थांबल्या. बराच वेळ. मला काच लावलेल्या खिडकीतून दिसत होतं, मेरिलचे ओठ हलायला लागले होते. मिस जोएलननी मान तिच्याकडे वळवली होती आणि रस्ता मोकळा झाला, पोलिसाने पुढे जायची खूण केली, तरी गाडी तिथेच उभी होती.