भगवंताला मागे ठेवून आलेला ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. आळेफाट्याला एका गॅरेजमागे गंजत उभा आहे.

माझे मालक कुंडलिक. त्यांनी मला नवाकोरा आणला, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी मला हळदकुंकू लावले. प्रयागबाईंचा धाकटा भाऊ भगवंत माझा दुसरा ड्रायव्हर झाला. मंचरचा कांदा घेऊन आम्ही कुठे कुठे गेलो! मी कधी वाटेत बंद पडलो नाही, म्हणून सारे माझे कौतुक करीत.

२००४ च्या पावसाळ्यात नेपाळची खेप मिळाली. तिथे सरकार आणि बंडखोर यांची लढाई वर्षानुवर्षे चालू होती.

"त्यांचं भांडण हाय, आपल्याला काय करायचंय?" भगवंत हसून म्हणाला.

सीमा ओलांडल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्या पुढचा ट्रक सुरुंगाने उडाला. मागचा पूलही पाडला गेला. आम्ही मध्येच अडकलो. कांदा सडून माझ्या फळ्यांतून गळू लागला. प्यायचे पाणी संपले. सहाव्या दिवशी कुंडलिक तापाने फणफणले.

"दाजी, त्या वस्तीवरून पाणी आणतो. तुमी केबिन सोडू नका."

"लवकर ये रं."

भगवंत कॅन घेऊन भातखाचरांतून गेला. थोड्या वेळाने तिकडे गोळीबार झाला. कुंडलिक माझा हॉर्न दाबत राहिले. बॅटरी उतरली, हॉर्न मुका झाला, तरी त्यांनी हात काढला नाही.

भगवंत आला नाही. लष्कर म्हणाले, बंडखोरांनी नेला असेल. बंडखोर म्हणाले, लष्कराला विचारा.

पुलाची डागडुजी होऊन रस्ता सुटला. ताप उतरलेल्या कुंडलिकांनी लोकांकडून धक्का मारून मला चालू केले. सीमेवर गाठोडी घेतलेली माणसे आमच्या देशात शिरत होती. तिकडच्या बंदुका इकडे येऊ नयेत, म्हणून आमच्याच जवानांनी माझी सीट फाडून तपासली. शेजारचे भांडण तिथपर्यंत पोहोचले होते.

मंचरला प्रयागबाई धावत आल्या. "अवं, भगवंता कुठं हाय?"

"लई हाका मारल्या गं... न्हाई आला."

प्रयागबाईंनी ताडपत्री उचलून खालीसुद्धा पाहिले. कुंडलिकांनी पुन्हा मला हात लावला नाही; दुसऱ्याकडून मला इथे गॅरेजमागे आणून सोडले.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा आपल्या माणसांशी असलेले तंटे बोलून मिटवा, बंदुकीपर्यंत जाऊ देऊ नका. आणि आज एवढेच करा. तुम्ही माझ्यावर चढून खेळता, ते मला आवडते. पण प्रयागबाई मंचरहून आल्या की खाली उतरा. त्या अजून केबिनमध्ये डोकावतात. त्यांना नीट पाहू द्या.