रद्द झालेली जात

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाची एक कोळीण होती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत ती बाईंच्या टोपीवरच सापडली. काटेरी पायांची, जाळं न विणता झुडपावरून झेप घेऊन शिकार करणारी, उष्ण प्रदेशातल्या लिंक्स कोळ्यांपैकी. नवरा कोळ्यांचाच अभ्यासक. जात नवी आहे असं ठरवून त्यानं तिला बायकोचं नाव दिलं. दवाखान्याच्या खुर्चीत बसलेल्या कुणाचीही ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नसे.

मग नवऱ्याच्या प्रयोगशाळेत एक तरुण संशोधक आली. तिनं त्या कोळ्यांच्या सगळ्या जाती पुन्हा तपासायला घेतल्या. घरी जेवताना तिचंच कौतुक. "काय नजर आहे गं तिची!" बाई मनातल्या मनात तिला 'नजर'च म्हणू लागल्या.

एका संध्याकाळी नवरा ताटातलं चिवडत म्हणाला, "तुझी जात वेगळी नाहीये. जुन्याच एका जातीची फिकट मादी निघाली. नाव रद्द होणार."

"कोणी शोधून काढलं?"

त्यानं पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

"तू भांडलास?"

"ती बरोबर आहे गं."

"बरोबर असू दे! बायकोसाठी थोडं तरी भांडायचं!"

त्याच आठवड्यात 'नजर' गाल धरून दवाखान्यात आली. नवऱ्यानंच पाठवलेली. तिचे एका ओळीतले पांढरेशुभ्र दात बघून बाईंचा आणखीच जळफळाट झाला. किडली होती ती एकच दाढ.

"माझं नाव तुम्हीच खोडलंत ना?" तोंडात कापूस कोंबून झाल्यावर बाईंनी विचारलं.

"अं," मुलीनं डोळे मिटले.

बाईंनी भुलीचं इंजेक्शन नेहमीपेक्षाही हळुवार दिलं. हात वाईट वागायला तयार होईना, याचाच त्यांना राग आला.

बधिर ओठांनी मुलगी म्हणाली, "मॅडम, मला फार वाईट वाटलं. सर म्हणाले, घरचं मी बघतो, तू काळजी करू नकोस."

'तू काळजी करू नकोस' बाईंच्या जिव्हारी लागलं.

"दाखवा मला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मुलीनं दोन्ही कोळिणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. बाईंनी खूप वेळ पाहिलं. फरक शोधून सापडेना.

"पटलं ना?" नवऱ्यानं विचारलं. विचारलं बायकोला, बघत होता मुलीकडे.

"पटलं. आता मला घरी सोड. आणि वाटेत तिच्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

तो खरंच काही बोलला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मात्र स्वतःशीच हसला. का हसलास, हे बाईंनी विचारलं नाही.