शुक्रवारची धाड

देवेशचा जळफळाट सुरू झाला तो एका साध्या वाक्यावरून. वाक्यात काही खोटं नव्हतं, कुणाला टोमणा नव्हता. फक्त ते त्याच्या तोंडून न निघता त्याच्या चुलतबहिणीच्या तोंडून निघालं होतं, आणि ते ऐकून त्याचे वडील हसले होते. केसरीनाथ सहसा हसत नसत. घरात लग्न ठरलं तरी ते नुसती मान हलवायचे.

पण आधी हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. ही गोष्ट दोन हजार सात सालची. भिवंडीजवळच्या कशेळीला, खाडीच्या अंगाला, जिथे एके काळी भात पिकायचं तिथे, केसरीनाथांनी नवं गोडाऊन बांधलं. जमीन दोघा भावांची सामाईक, केसरीनाथांची आणि धाकट्या लडकूची. औषधांच्या एका कंपनीने ते भाड्याने घेतलं आणि एक अट घातली: ऑफिसात घरातलाच एक माणूस पाहिजे, कॉम्प्युटर येणारा, हमालांना आणि ट्रकवाल्यांना आवरणारा. ऑफिसला काचेचं दार होतं, एसी होता आणि गोल फिरणारी खुर्ची होती. देवेश मनातल्या मनात त्या खुर्चीत केव्हाच जाऊन बसला होता. एवढंच कशाला, कशेळीच्या नाक्यावर दोन मित्रांना त्याने चहाही पाजला होता.

त्याचं काय चुकलं म्हणा! थोरल्याचा एकुलता एक मुलगा, बी.कॉम. झालेला. दोन विषय जरा रेंगाळले होते, पण झालेला. मात्र लडकूची करिष्माही त्याच वर्षी बी.कॉम. झाली आणि तिचा एकही विषय रेंगाळला नाही. लडकूचे भिवंडीत कापड विणायचे लूम होते, म्हणून ते लोक तिकडेच राहायचे. करिष्मा रविवारी कशेळीला यायची, वेफर्स खात देवेशच्या मागे स्टुलावर बसायची आणि तो कॉम्प्युटरवर काय करतो ते बघायची.

तो काय करायचा? अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या त्या कॉम्प्युटरवर तो 'क्रोम टॉवर' नावाचा गेम खेळायचा. ठाण्याच्या फुटपाथवरून आणलेली सीडी, कव्हर झेरॉक्सचं. गेममधलं साल दोन हजार नव्वद. शहर असं की दिवस उगवतच नाही. काळे उंच टॉवर, त्यांच्यावर गुलाबी-निळ्या पाट्या, खाली कायम चिखल. सरकार उरलेलं नाही, सगळं कंपन्यांच्या हातात. कामगारांच्या डोक्यात वायरी बसवलेल्या. आपण एका कंपनीचे मालक, आणि बाकीच्या कंपन्यांना खाऊन मोठं व्हायचं. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे एक निळी पट्टी असते, ती त्याच्या इमानाची. पट्टी संपली की तो माणूस दुसऱ्या कंपनीत जातो, आणि जाताना डोक्यातलं सगळं घेऊन जातो.

तर त्या रविवारी जेवणं झाल्यावर केसरीनाथ खोलीत आले. पडद्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"कंपनी चालवाचा खेळ हाय ना ह्यो?" त्यांनी विचारलं. "मंग मना सांगा, याच्यात बरा काय न् वाईट काय. दोघांनीपन सांगा."

देवेशला समजलं की हा प्रश्न गेमचा नाही, खुर्चीचा आहे. त्याला आतून गुदगुल्या झाल्या. या विषयात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

"बरं म्हणजे बाबा, यात काहीच फुकट जात नाही," तो रंगात येऊन सांगू लागला. "आज एखादा कामगार दुखावला तर चार महिन्यांनी तोच आपल्याला बुडवतो. समोरच्या कंपन्या पण येड्या नाहीत. आपण भाव पाडला की त्या पाडतात, आपण त्यांचा माणूस फोडला की त्या आपला फोडतात. कारखाना कुठे टाकायचा, कुणाला घ्यायचं, सगळं आपण ठरवायचं. आणि वाईट म्हणजे, शिकवत काहीच नाही. सुरुवातीला आपण बुडतो, आणि का बुडालो तेच कळत नाही. शंभर ठिकाणी बटणं. मधेच सेव्ह करता येत नाही, लाइट गेली की महिन्याची मेहनत गेली. आणि शेवटी शेवटी आपण इतके मोठे होतो की करायला काही उरत नाही, नुसतं बटण दाबत बसायचं."

उत्तर झकास होतं, खोटं कशाला बोला. पण एक दोष त्याने सांगितला नाही. या गेममध्ये 'मेमरी लॅब' विकत घेतली की पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शत्रूची धाड पडतेच पडते. गेम बनवणाऱ्यांची ती ढिलाई होती. कितीतरी वेळा बुडून देवेशने ती शोधून काढली होती. हुकमाचं पान कुणी पहिल्याच हाताला टाकतं का?

"तू सांग पोरी," केसरीनाथ म्हणाले.

करिष्माने वेफर्सची पिशवी बाजूला ठेवली. "दादूसने सगळं सांगितलं मोठेबाबा. मी काय सांगू? मला एकच वाटतं. यातल्या माणसांना घरच नाही. शिफ्ट सुटल्यावर ते जातात कुठे, ते दाखवतच नाहीत."

हेच ते वाक्य. केसरीनाथ हसले, चांगले दात दिसेपर्यंत हसले. "ह्या पोरीला बघ काय दिसला!" असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

देवेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण एवढं घसा कोरडा करून सांगितलं, त्यावर हूं की चूं नाही. आणि ही पोरगी मागे बसून वेफर्स खाते, एक फुटकळ वाक्य बोलते आणि टपली घेऊन जाते! लहानपणापासून हेच चाललं होतं. वज्रेश्वरीच्या जत्रेत हरवली ही, आणि शोधत बसला म्हणून मार खाल्ला याने. मासळी साफ करायला शिकली ही, आणि "बघ, तुला येतं का" असं ऐकलं याने. त्याने कधी कुणापाशी कबूल केलं नसतं, पण करिष्मा रविवारी यायची तेव्हा घरातला सगळा उजेड तिच्याकडे वळतो, असं त्याला वाटायचं. आणि उरलेले सहाही दिवस तो आपल्याकडे वळत नाही, हे जास्त लागायचं.

"असा करा," केसरीनाथ खाटेवर टेकत म्हणाले. "गोडाऊन सामाईक हाय, तर कंपनीपन सामाईक. एकच कंपनी काढा. पयला म्हयना देवेश चालवंल, दुसरा करिष्मा. मी बसतो बघत."

देवेशने गेममधला आपला महिना असा चालवला की बघत राहावं. त्याची बोटं कीबोर्डवर धावत होती. कारखाना उभा राहिला, माल विकला गेला, समोरच्या कंपनीचा एक शास्त्रज्ञ फोडून आणला. निळ्या पट्ट्या भरलेल्या. केसरीनाथ मधूनमधून "हां" म्हणत होते. एवढ्यावर तो थांबला असता तर खुर्ची बहुधा त्याचीच होती.

पण हेव्याला पुरे म्हणता येत नाही. आपण जिंकून त्याचं समाधान होत नाही, दुसऱ्याचं नाक कापलेलं त्याला डोळ्यांनी बघायचं असतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी देवेशने मेमरी लॅब विकत घेतली.

"ही काय रे, येवढी महाग?" केसरीनाथांनी विचारलं.

"लॅब आहे बाबा. करिष्माच्या कामाला येईल."

असं म्हणताना त्याने करिष्माकडे बघायचं टाळलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की गेम आहे, गेममध्ये सगळं चालतं. आणि तो उठून स्टुलावर बसला.

करिष्मा खुर्चीत बसली आणि सगळ्यात आधी ओढणीने कीबोर्ड पुसला. तिला बटणं सापडत नव्हती. "दादूस, हे काय आहे?" असं दर मिनिटाला विचारत होती, आणि देवेश दिलदारपणे सांगत होता. धाडीचं तेवढं सोडून सगळं सांगत होता. कामाच्या वारांचा तक्ता तिने उघडला, तेव्हा तो मनातून हसला. त्या तक्त्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. सातही चौकोन हिरवे असायचे, कारखाना सातही दिवस चालायचा. करिष्माने पाचव्या चौकोनावर क्लिक केलं. तो लाल झाला.

"हे काय केलंस?"

"शुक्रवार ना हा? शुक्रवारी कारखाना बंद."

"कोणी सांगितलं?"

"म्हणजे?" ती त्याच्याकडे अशी बघू लागली, जणू त्याने सूर्य कुठून उगवतो असं विचारलं. "शुक्रवारी कारखाना बंदच असतो ना!"

देवेशला हसू आवरेना. भिवंडीच्या लुमांना शुक्रवारी सुट्टी, तेव्हा दोन हजार नव्वद सालच्या त्या परक्या शहरातही शुक्रवारी सुट्टी! हिचं अख्खं लहानपण तसं गेलं होतं. शुक्रवार म्हणजे खटखट बंद, लडकूकाका घरी आणि चुलीवर मटण. कशेळीच्या गोडाऊनना कसली सुट्टी? ट्रक आला की शटर वर. उत्पादन एक सप्तमांश घटणार हे त्याने मनात मांडलं आणि तोंडाला कुलूप लावलं. घटू दे. हिचं सगळ्या बाजूंनी नुकसान होत होतं, आणि त्याला बोट हलवावं लागत नव्हतं.

आठवडा सुरू झाला. सोमवार सरला, मंगळवार सरला. देवेश स्टुलावर पुढे सरकला. गुरुवारही गेला. शुक्रवार लागला आणि पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला. करिष्मा किंचाळली. काळ्या कपड्यांतली माणसं कारखान्यात घुसली. कामगारांना उचलून न्यायला ती आली होती, पण आत चिटपाखरू नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कारखान्याची दारं आपोआप बंद होतात, हे देवेशला इतक्या दिवसांत कधी कळलंच नव्हतं, कारण त्याने कधी सुट्टी दिलीच नव्हती. दारं धडाधड बंद झाली आणि सगळी धाड आत अडकली. शत्रूची माणसं पकडली गेल्याची बातमी शहरभर पाट्यांवर झळकली. निळ्या पट्ट्या सरसर वर चढल्या, पार टोकाला लागल्या.

केसरीनाथांनी मांडीवर थाप मारली. "आरं वा रे वा! कमळ, ये बघाला! पोरीनी चोर कोंडले!"

देवेशची आई कमळ पदराला हात पुसत दारात आली. तिला काही समजलं नाही, तरी तीसुद्धा हसली. करिष्मा टाळ्या पिटत होती. अख्खी खोली हसत होती, आणि स्टुलावरच्या देवेशच्या अंगाचा तिळपापड होत होता. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, पण देवाने दर वेळी हिच्याच गायी राखाव्यात?

"यात हिचं काय आहे?" तो ओरडला. "कसलं कौतुक करताय? धाड शुक्रवारीच येते! नेहमी येते! लॅब घेतली की पुढच्या महिन्याचा पहिला शुक्रवार, ठरलेलं आहे ते. गेमचाच दोष आहे! हिला तर माहीत पण नव्हतं. हिने चुकून सुट्टी दिली!"

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. क्षणभरच वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की कुणी हसत नाही.

भोंगा अजून वाजत होता. करिष्माने हात पुढे करून स्पीकर बंद केला.

"लॅब कोनी घेतली?" केसरीनाथांनी विचारलं.

देवेश स्टुलावर मागे सरकला.

"तुना ठाव होता. धाड येनार, कवा येनार, सगला ठाव होता." त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "पोर दर घडीला तुना इचारत होती. तू सगला सांगितला, ह्यो न्हाय सांगितला."

"बाबा, गेम आहे तो..."

"हां, गेम हाय. म्हनून तर बघत व्हतो." ते खाटेवरून उठले. "सोमवारपासून ऑफिसात करिष्मा बसंल."

देवेश करिष्माकडे बघू लागला. आता ती बोलणार याची तो वाट बघत होता. तिने चार शब्द सुनवावेत, रडावं, निदान तोंड तरी फिरवावं. भांडण झालं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं, भांडणात तो काही कच्चा नव्हता. तिचा चेहरा पडला होता हे खरं. पण तिने एकदाच नाक ओढलं आणि ती केसरीनाथांकडे वळली.

"मोठेबाबा, मी बसते," ती म्हणाली. "पण दादूसला पण ठेवा. यातलं मला अर्धं समजत नाही. चूक कुठे होणार ते त्याला आधी दिसतं. ऑफिसात दोन टेबलं मावतात."

"त्यानी तुना खड्ड्यात घातली, न् तू..."

"घातली ना. पण मी पडले नाही ना?" ती म्हणाली आणि देवेशकडे बघून थोडं हसली. त्या हसण्यात टोमणा असेल म्हणून त्याने नीट शोधला. नव्हता.

आपण तिच्या जागी असतो तर हे बोललो नसतो, एवढं देवेशला स्वच्छ कळलं. खुर्चीचं एवढं काही नव्हतं, कशेळीत रोज नवं गोडाऊन उभं राहत होतं, आज ना उद्या दुसरी खुर्ची मिळाली असती.

"बसशील ना रे माझ्याबरोबर?" करिष्माने विचारलं.

"बसेन," देवेश म्हणाला. आणि जन्मात कधी वाटला नव्हता इतका त्याला तिचा हेवा वाटला.