तीच जागा, दर सोमवारी

लुंबिनीने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि तिथून हलवलं नाही.

"हा कोंब बघा, बाबा. पहिल्या सोमवारचा."

काळ्या पडद्यावर एक हिरवी फांदी होती आणि तिला टाचणीच्या डोक्याएवढे कोंब. तिने पुढचं चित्र लावलं, मग त्याच्या पुढचं. चौथ्या सोमवारी बोटाखाली काही नव्हतं.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ती उंदराच्या कवटीत काचेची बारीक खिडकी बसवून दर आठवड्याला मेंदूतली तीच जागा पाहत असे. या कोंबांपाशी एक पेशी दुसरीला जोडलेली असते, असं तिने सांगितलं.

"उंदीर जित्ता असताना?" व्यंकटी गुरुजींनी विचारलं.

"हाव. खातो, पळतो."

"अन् गेलेला कोंब?"

"बहुतेक परत येत नाही. रोज गिरवलेलं त्यातल्या त्यात टिकतं."

"मग मी बराबर केलं," गुरुजी म्हणाले.

दोन वर्षांपासून धुरपताबाईंचं विसरणं वाढत होतं. गुरुजींनी कंधारच्या शाळेत बत्तीस वर्षं पाढे घोकून घेतले होते. दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता. रोज सकाळी ते लेकीचा दहावीतला फोटो बायकोपुढे धरत. रविवारी फोनवर सांगत, "माय तुला विसरली न्हाई." त्या भरवशावर लुंबिनीने दोनदा येणं पुढे ढकललं होतं. परवा ती आली, तेव्हा मायने पदर सावरून "या बाई" म्हटलं.

गुरुजींनी आतून फोटो आणला. धुरपताबाई बाजेवर बसल्या होत्या.

"ही कोण?" गुरुजींनी फोटो पुढे धरला.

"लुंबिनी. माझी लेक."

"अन् ही?" गुरुजींनी समोर उभ्या लुंबिनीकडे बोट केलं.

धुरपताबाईंनी तो चष्मा, ते पिकू लागलेले केस नीट न्याहाळले.

"डाक्टरीण. सुई नगं म्हणा तिला."

लुंबिनी हसली. मग चष्मा काढून ओढणीने पुसत राहिली.

"बाबा, तुम्ही फोटो पाठ करून घेतला."

गुरुजींनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. बराच वेळ त्याची कड चाचपली.

"तू नव्हतीस ना इथं," ते हळू म्हणाले.

"उभी का बाई?" धुरपताबाईंनी बाजेवर सरकून जागा केली. "बस. पाचला शाळा सुटते तिची. येईलच."

"माझी नांदेडची बस तीनची हाय."

"मंग भेट न्हाई व्हायची," धुरपताबाई हळहळल्या.