सासूने वही जाळली

शेजारच्या प्रियाकडून मागून आणलेल्या दोन खुर्च्या अरुणाने पुसल्या, मांडल्या, पुन्हा उचलून खिडकीपाशी नेल्या, आणि सासूला तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, तुम्ही जा ना काशीताईंकडे. त्या वाट बघत असतील."

"घरान् पावने येनार नि मी लेकीकडं जाऊन बसू?" चांगुणाबाई तांदळाची उकड मळत होती. "लोक काय बोलतील? आनि मना बगायची हायत ती गोरी मानसा."

"त्यांना आपलं जेवण सोसत नाही. नुसता चहा घेतील हो."

"मंग चहा. पन मी हाय."

झालं! म्हातारी एकदा बसली की बसली. आठ महिने तिने या ना त्या सबबीने हे येणं टाळलं होतं. कधी घरात आजारपण, कधी रंगकाम. शेवटी काल रूथबाईंनी स्वतःच्या तोंडाने, शुद्ध मराठीत, "उद्या चार वाजता आम्ही तुमच्या घरी येतो" असं सांगून टाकलं, आणि विद्यार्थिनीचं वाक्य एवढं बिनचूक असल्यावर शिक्षिकेने नाही कसं म्हणायचं?

रूथबाई आणि हॅरल्डसाहेब हे अमेरिकेहून आलेलं बाप्टिस्ट मिशनरी जोडपं. पन्नाशी उलटलेली, मुलं तिकडे संसाराला लागलेली, आणि हे दोघे वाशीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. रविवारी हॉलमधलं सामान सरकवून सतरंजीवर वीस-पंचवीस माणसांची प्रार्थना, आठवड्यातून दोनदा बायकांचा वाचनाचा वर्ग, आणि उरलेला सगळा वेळ मराठी. दुभाष्याच्या तोंडून देवाचं सांगायचं नाही, हा साहेबांचा हट्ट. म्हणून सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली बी.ए. झालेली सून, अरुणा, रोज दुपारी त्यांच्याकडे शिकवायला जात होती. सगळं सुरळीत चाललं होतं, पण 'ने' काही त्यांच्या घशाखाली उतरेना. तो वही जाळला, ती पुस्तक जाळली. कर्ता पुरुष की बाई ते बघायचं नाही, जाळलं काय ते बघायचं, हे कितीदा सांगितलं तरी दोघे नुसते मान डोलवायचे.

एके दिवशी नात्यांचे शब्द नुकतेच झाले होते. फळ्यावर 'सासू' तसाच राहिला होता. अरुणाने त्याच्यापुढे 'ने' जोडला आणि तीन लिंगांची तीन वाक्यं लिहिली. सासूने कागद जाळला. सासूने वही जाळली. सासूने पुस्तक जाळलं.

रूथबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमची सासू?" त्यांनी विचारलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

छे हो, हे नुसतं उदाहरण, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण रूथबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला होता, आणि इतक्या वर्षांत असं थांबून कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. तिने खाली मान घातली. तेवढंच केलं. पुढच्या आठवड्यात 'उपाशी ठेवलं' आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी काही. साहेबांचा 'ने' सुधारत गेला, आणि अरुणाची सासू दिवसेंदिवस बिघडत गेली.

खरी चांगुणाबाई निरक्षर होती. सुनेची पुस्तकं ती धुतलेल्या लुगड्यात बांधून वर फळीवर ठेवायची, आणि घरात कुणी मोठ्याने बोललं तर "गप रावा, ती वाचते," म्हणून दटावायची. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला कॉलेजच्या फाटकाबाहेर तीन-तीन तास नातीला मांडीवर घेऊन बसली होती. हे सगळं अरुणाला आठवत नव्हतं असं थोडंच आहे? रोज घरी परतताना बसमध्ये आठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी रूथबाई दार उघडायच्या तेव्हा विसरायला व्हायचं.

पाहुणे बरोबर चारला आले. साहेब दारात वाकून आत शिरले. चांगुणाबाईने पदर सावरून नमस्कार केला आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. चहा झाला. रूथबाई म्हणाल्या, "चहा चांगली आहे," आणि अरुणाने सवयीने 'चांगला' म्हटलं, सगळे हसले. तिला वाटलं, निभावलं. सभ्य माणसं आहेत, असलं काही काढायची नाहीत.

मग रूथबाई खुर्चीवरून उठल्या आणि चांगुणाबाईसमोर खाली जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते त्यांचे, तरी बसल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही अरुणाची वही जाळली. तुम्ही पुस्तक जाळलं. तुम्ही अरुणाला उपाशी ठेवलं. मी रागावत नाही. आमच्या गावच्या चर्चमधल्या बायका रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतात. देव क्षमा करतो. अरुणापण क्षमा करते."

एक चूक नाही. वही जाळली, पुस्तक जाळलं. रात्री पाठ करून आल्या असणार. अरुणाला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

चांगुणाबाईने आधी रूथबाईंकडे बघितलं, मग सुनेकडे. सून ट्रेमधल्या कपांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

आता बोलायला हवं, अरुणा मनात म्हणत होती. आत्ता. हे खोटं आहे, मी खोटारडी आहे, एवढंच तर सांगायचंय. उद्यापासून ते दार उघडणार नाही, नाही उघडलं तर नाही. तिने ट्रे उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"जालली," चांगुणाबाई म्हणाली. "रागाच्या भरान् जालली. चुकला माजा."

रूथबाईंना ही बोली कळेना. त्यांनी अरुणाकडे वळून विचारलं, "काय म्हणाल्या?"

साहेबही वाट बघत होते.

"म्हणाल्या," अरुणा कप गोळा करू लागली, "मी जाळली. माझं चुकलं."

रूथबाईंनी म्हातारीला मिठी मारली आणि रडायला लागल्या. साहेबांनी डोळे मिटून मान खाली घातली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत प्रार्थना केली. चांगुणाबाईनेही डोळे मिटले. आपला हात तिने त्या बाईच्या पाठीवर ठेवला आणि थोपटत राहिली.

पाहुणे गेल्यावर दोघींपैकी कुणीही दिवा लावला नाही. चांगुणाबाई मोरीपाशी बसून कप विसळायला लागली. अरुणा तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"आई, मी..."

"आनखी काय काय केलाय मी?" चांगुणाबाईने मागे न बघता विचारलं. "सगला सांगून ठेव. ती बाई परत आली नि इचारला, तर मी येक बोलाची नि तू येक."

अरुणा तिथेच जमिनीवर बसली आणि सांगू लागली. कागद, वही, पुस्तक. दोन दिवस उपाशी.

"दोनच?"

"दोन. आणि एकदा हात उगारला होतात."

"बरा. मंग?"

"आणि पोटुशी असताना मला विहिरीवर पाण्याला पाठवलंत. सातव्या महिन्यात."

चांगुणाबाईचे हात थांबले. तेव्हा तिने सुनेला तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता.

"येवढा नको होता सांगायला, बाय," ती म्हणाली, आणि तोच कप पुन्हा विसळायला घेतला.